मेमो आधी मागे घ्या, मग माफी मागा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी चाकणजवळच्या एका शीट मेटल कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे. वय 41. गाड्यांच्या सीटला लागणारे ब्रॅकेट आणि इतर छोटे पार्ट आमच्याकडे प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, निघतात. दोन शिफ्ट मिळून 70 माणसं. त्यातली 28 कायम, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी.

चार महिन्यांपूर्वी एका ब्रॅकेटच्या डायची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याची, धार गेली होती, पार्टला बर (कापलेल्या कडेला उरणारी खरखरीत धार) येत होता. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, ते माझ्याकडे आले. म्हणाले, 'साहेब, डाय ग्राइंडिंगला काढावी लागेल.' संध्याकाळी मालाची गाडी जायची होती. मी म्हणालो, 'मामा, आजचा दिवस चालवा, मी बघतो.' त्यांनी चालवली. तिसऱ्या दिवशी कस्टमरच्या लाइनवर 1,140 नग अडकले आणि त्यांचे क्वालिटीवाले आमच्याकडे येऊन थडकले. मीटिंगला आमचे डायरेक्टर होते, सुपरवायझर होते, मामांनाही बोलावलं होतं. 'एवढा बर दिसत असताना मशीन चालू कशी ठेवली?' असं विचारलं गेलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'ऑपरेटरनं थांबवायला हवं होतं.' मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. काहीच बोलले नाहीत. नंतर त्यांना मेमो गेला. सही माझीच होती.

तेव्हापासून कुणी भांडत नाही, काम होतं, पण कुणी काही सांगत नाही. पूर्वी 'साहेब, आवाज वेगळा येतोय', 'साहेब, ही पत्र्याची कॉइल बघा जरा' असं दिवसातून दहा वेळा कानावर यायचं. आता काहीही विचारलं तरी 'ठीक आहे साहेब'. मागच्या महिन्यात एका प्रेसचं बेअरिंग निकामी झालं. चार दिवस आवाज येत होता, हे मला नंतर कळलं. मी सगळ्यांची लोणावळ्याला सहल काढली. टीमवर्कवर एका वक्त्याचं भाषण ठेवलं. 'माझं दार सगळ्यांना उघडं आहे' असं सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं. फरक शून्य. एका ट्रेनीला खोदून विचारलं तर म्हणाला, 'सर, आम्ही साधा पंखा दोन उन्हाळे मागतोय.'

डाय चालवायला मीच सांगितलं होतं, हे डायरेक्टरांना अजून माहीत नाही. सांगितलं तर नोकरी जाईल अशी भीती वाटते. घराचा हप्ता आहे. आणि कामगारांपुढे चूक कबूल केली तर उद्या माझं ऐकणार कोण? विश्वास परत मिळवायला मी काय करू?

— एक मॅनेजर, चाकण

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'सही माझीच होती' ही ओळ तुम्हाला सहज गाळता आली असती. तुम्ही गाळली नाहीत, म्हणून मला वाटतं हे प्रकरण दुरुस्त होण्यासारखं आहे. पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत मी 30 वर्षं पर्सोनेल खातं सांभाळलं. असे मेमो टाइप करून घेतले, पोचपावतीवर अंगठे आणि सह्या घेतल्या, फायलींना लावले. त्यामुळे पुढचं काही कडक वाटलं तरी ते तुमच्या बाजूला उभं राहूनच सांगतेय असं समजा.

शॉपवरच्या, म्हणजे मशीन चालतात तिथल्या, शांततेला रुसवा समजू नका. रुसवा असता तर सहलीनं, नाश्त्यानं कधीच निघाला असता. ही माणसं हिशेब करून गप्प बसली आहेत. मामांनी सांगितलं, मामांना मेमो मिळाला. बाकीच्यांनी सांगितलं नाही, त्यांना कुणी काही म्हटलं नाही. ज्याला जूनमध्ये पोरांची फी भरायचीय, तो यातून काय शिकेल? बेअरिंगचा आवाज चार दिवस पंधरा-वीस जणांच्या कानावर पडत होता. तो तुमच्यापर्यंत न आणण्यातच आपलं भलं आहे असं त्यांना वाटलं, आणि हा धडा त्यांनी तुमच्याकडूनच घेतला.

तुमच्या पत्रात माझं मन सगळ्यात जास्त अडकलं ते 'मी बघतो' या दोन शब्दांपाशी. आपल्याकडे कारखान्यात, शेतात, लग्नघरात, कुठेही वडीलधारा माणूस 'तू कर, मी बघतो' म्हणाला की ती हमी असते. पुढं काही झालं तर अंगावर मी घेईन, असा तिचा अर्थ. मामांनी त्या हमीवर मशीन चालवली. स्वतःची अक्कल, हाताला लागलेली इतक्या वर्षांची सवय बाजूला ठेवून चालवली, कारण साहेब बघतो म्हणाले होते. या शब्दांचा दुसराही एक अर्थ असतो, तो आपण सरकारी कचेरीत ऐकतो. 'बघतो' म्हणजे होणार नाही. पंखा दोन उन्हाळे 'बघतो'मध्येच अडकलाय. तुमच्या शॉपवर आता दोन्हीकडे हा दुसराच अर्थ चालतो. मीटिंगच्या खोलीत बसलेले सोडा, त्या संध्याकाळी टपरीवर चहाला थांबलेल्या प्रत्येकाला कळलं असणार की साहेबांच्या शब्दाची किंमत काय.

तेव्हा विश्वास परत कसा मिळवू, हा प्रश्न जरा वेळ बाजूला ठेवा. त्याआधी एका माणसाची वस्तू तुमच्याकडे अडकून पडलीय, ती परत करायची आहे. ती वस्तू म्हणजे मामांचं नाव.

आता क्रम सांगते. माफीची इच्छा तुमच्या मनात आहे, ती पत्रातून दिसते. उद्या सकाळी तुम्ही मामांकडे जाऊन हात जोडाल आणि मोकळे व्हाल, अशी मला भीती वाटते. तसं करू नका. आधी डायरेक्टरांकडे जा.

असं का म्हणते, त्यामागे एक प्रसंग आहे. मी एका कारखान्यात असताना तिथल्या एका वरिष्ठांनी असाच दोष खालच्या माणसावर ढकलला होता. पुढं त्यांचं मन खाऊ लागलं. एका दुपारी ते कॅन्टीनमध्ये त्या फिटरच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'चूक माझी होती.' फार चांगलं वाटलं तेव्हा. लोकांनी ताटं बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. पण मेमो फायलीतच राहिला. काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही, आणि फायली माझ्या ताब्यात होत्या. दोन वर्षांनी त्या फिटरची चार्जहँडच्या, म्हणजे कामगारांच्या गटप्रमुखाच्या, जागेसाठी मुलाखत झाली. तोपर्यंत ते वरिष्ठ दुसरीकडे गेले होते. समितीतल्या नव्या माणसानं फाइल उघडली, मेमो वाचला आणि नाव खाली सरकवलं. तो फिटर माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. रागावला नाही. इतकंच म्हणाला, 'मॅडम, टाळ्या वाजल्या होत्या ना?' मी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. प्रश्न मात्र रोज आठवतो.

म्हणून आधी कागद. मेमो मागे घेतल्याचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, तारीख आणि सहीसकट. एक प्रत मामांच्या हातात, एक फायलीत. मेमोमुळे त्यांचा बोनस, इन्क्रिमेंट, काहीही अडलं असेल तर त्याची भरपाईही त्याच पत्रात. हे तुमच्या एकट्याच्या अधिकारात बसणार नाही, म्हणून डायरेक्टरांना सगळं सांगणं टळत नाही.

नोकरी जाईल का? जाणार नाही, अशी खात्री मी देऊ शकत नाही. तुमचे डायरेक्टर कसे आहेत ते तुम्हाला माहीत. पण एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. त्या 1,140 नगांबद्दल कस्टमरला 8डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय सांगणारा अहवाल, गेला असणार. त्यात मूळ कारण म्हणून काय लिहिलंय? बहुधा 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा', आणि उपाय 'ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग'. म्हणजे ज्याला बर आधी दिसला त्यालाच बर ओळखायला शिकवलं, आणि डिस्पॅचच्या घाईत डाय चालवायला सांगण्याची वाट तशीच उघडी राहिली. त्या डायचे किती स्ट्रोक (प्रेसचे ठोके) झाले होते, किती स्ट्रोकनंतर ती ग्राइंडिंगला जायला हवी होती, ते ठरवतं कोण, आणि गाडी उभी असताना त्याला डावलतं कोण, यातला एकही प्रश्न त्या रिपोर्टात नसेल. हेच पुन्हा घडेल आणि दुसऱ्यांदा घडलं की कस्टमर मूळ कारण शोधायला स्वतःची माणसं पाठवेल. मामा तेव्हाही गप्प बसतील याचा भरवसा काय? डायरेक्टरांना हे तुमच्या तोंडून आज कळणं आणि कस्टमरच्या तोंडून सहा महिन्यांनी कळणं, यांत कुठल्या पर्यायात तुमची नोकरी जास्त सुरक्षित आहे, ते तुम्हीच तोलून बघा.

जाताना मनाची तयारी करून जा, लांबलचक प्रस्तावना नको. 'सर, चार महिन्यांपूर्वीच्या रिजेक्शनमध्ये मामांनी मला आधी सांगितलं होतं. डाय चालवायचा निर्णय माझा होता. मीटिंगमध्ये मी खोटं बोललो. मेमो मागे घ्यायचाय आणि 8डी दुरुस्त करायचाय.' एवढंच. मग ते जे बोलतील ते ऐकून घ्या. गाडी जायची होती, वरून डिस्पॅचचा दबाव होता, हे सगळं खरं असेल, पण त्या बैठकीत ते उच्चारू नका. नाहीतर सगळं बोलणं त्या दबावाभोवतीच फिरत बसेल. घरी हप्त्याची गोष्ट बोलून जा. तुमच्या माणसांना आधीच माहीत असलं तर जीव थोडा हलका राहील.

कागद हातात आला की मामांना भेटा. तुमच्या केबिनमध्ये बोलावू नका, केबिनमध्ये त्यांना मेमोच आठवेल. शिफ्ट संपल्यावर, त्यांची बस चुकणार नाही अशा बेतानं, त्यांच्या मशीनपाशी किंवा डाय रॅकच्या बाजूला जा. पत्र हातात द्या, वाचायला वेळ द्या. आणि सरळ बोला: 'मामा, तुम्ही मला सांगितलं होतं. मी चालवायला लावलं आणि सगळ्यांसमोर तुमच्यावर ढकललं. ते खोटं होतं. मी माफी मागतो.' यात 'पण' येऊ देऊ नका. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' हेही नको, त्यात दोष पुन्हा त्यांच्या वाटण्यावरच जातो. त्यांनी माफ केलं का, हे विचारू नका. ते बहुतेक 'जाऊ द्या साहेब' म्हणतील. आपल्या लोकांना वरच्या माणसाला अवघडलेलं बघवत नाही, म्हणून ते तसं म्हणतात. त्याचा अर्थ मिटलं असा काढू नका. घरी जाऊन त्यांनी ते पत्र बायकोला दाखवलं, तर काहीतरी झालं असं समजायचं, आणि ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

मग एक गोष्ट त्यांना विचारा. अपमान चारचौघांत झाला, तेव्हा त्याची भरपाईही चारचौघांतच व्हायला हवी असं मला वाटतं. पण ती कशी, कुणासमोर, हे मामांना ठरवू द्या. काही माणसांना सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांपुढं ऐकायचं असतं. काहींना पुन्हा आपल्या नावाची चर्चाच नको असते. ते नको म्हणाले तर त्यांचं नाव न घेता, निदान त्या दिवशी मीटिंगमध्ये जे हजर होते त्यांना तुम्ही सांगा की निर्णय तुमचा होता. कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांनाही सांगा. ते टाळू नका, सगळ्यात जड तेच जाणार आहे.

'कामगारांपुढे चूक कबूल केली तर माझं कोण ऐकणार?' असं तुम्ही विचारलंय. आत्ता तरी कोण ऐकतंय? 'ठीक आहे साहेब' म्हणजे ऐकणं नव्हे.

तरी या भीतीचं एक उत्तर आपल्या देशातच आहे. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-3 हे उपग्रह सोडणारं यान सुटलं आणि बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पाचे प्रमुख होते एपीजे अब्दुल कलाम. पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयश त्यांनी संस्थेच्या प्रमुखाच्या नात्यानं स्वतःकडे घेतलं. पुढच्या वर्षी, 18 जुलै 1980 रोजी, उड्डाण यशस्वी झालं तेव्हा त्यांनी कलामांना पुढं केलं. ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल, भाषणांत ती इथेच संपवतात. मला त्यातली कमी सांगितली जाणारी बाजू महत्त्वाची वाटते. बाहेर धवन ढाल होऊन उभे राहिले, पण आत अपयशाची कसून तपासणी झाली आणि दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला नेमका बिघाड शोधला गेला. माणसाला पाठीशी घालणं आणि चूक पाठीशी घालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे नेमकं उलटं झालं. माणूस पुढं ढकलला गेला आणि चूक झाकली गेली. धवन यांचा दरारा त्या दिवशी कमी झाला असं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

इथवर झालं ते जुनं देणं फेडणं. पुढचं काम लांबचं आहे.

'मी बघतो' हे शब्द शॉपवरून कायमचे काढून टाका. त्याऐवजी एक साधा लाल टॅग आणा. बर ठरलेल्या मर्यादेपुढं गेला, आवाज बदलला, कॉइलची जाडी संशयास्पद वाटली, तर ऑपरेटरनं मशीन थांबवायची, टॅग लावायचा, सुपरवायझरला हाक मारायची. थांबवायला परवानगी लागणार नाही. पुन्हा चालू करायची असेल तर जो 'चालवा' म्हणेल त्यानं त्याच टॅगवर नाव, वेळ आणि सही करायची. तुम्ही म्हणालात तर तुमची सही, डायरेक्टर म्हणाले तर त्यांची. तोंडी हुकमावर मशीन चालू होणार नाही. माझं मत विचाराल तर शंभर भाषणांपेक्षा या एका सहीच्या रकान्यात जास्त ताकद आहे, कारण पुढच्या वेळी मीटिंगमध्ये 'कुणी सांगितलं होतं?' हा प्रश्न कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही.

तुमच्या क्षेत्रातलंच उदाहरण देते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 साली बंद पडला. संप, भांडणं, दांड्या. रोज पाचातला एक कामगार गैरहजर असायचा असं तिथलं वर्णन आहे. लाइन थांबवणं हे तिथं पाप होतं. चुकीची जोडलेली गाडीही पुढं ढकलायची, नंतर आवारात नेऊन दुरुस्त करायची. 1984 मध्ये टोयोटानं जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना, त्याच युनियनसह, बहुतांश त्याच जुन्या कामगारांना घेऊन पुन्हा सुरू केला. नाव ठेवलं न्यूमी. लाइनवर एक दोरी लावली, अडचण दिसली की कुणीही ओढायची. काही काळातच तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांच्या तोडीचा झाला, आणि गैरहजेरी एकदम घसरली. माणसं तीच होती.

पण दोरीपेक्षा मला पुढचा भाग मोलाचा वाटतो. व्यवस्थापनानं शब्द दिला होता की कामगार-कपात हा शेवटचा उपाय असेल. 1980 चं दशक संपता संपता तिथल्या गाड्यांची मागणी बरीच पडली. बाकीच्यांनी अशा वेळी माणसं काढली असती. न्यूमीनं काढली नाहीत, त्यांना ट्रेनिंगला बसवलं, सुधारणेच्या कामाला लावलं. शब्द महाग पडला तेव्हाही पाळला. हे ऐकल्यावर त्या दोरीला हात घालायला कामगार का घाबरत नव्हते, ते कळतं. तुमच्या टॅगचंही तसंच होणार. टॅग छापून आणायला दोन दिवस लागतील, तो वापरायला लोक कितीतरी आठवडे घेतील. ते वाट बघतील, पहिला कोण लावतोय आणि त्याचं काय होतंय.

त्या पहिल्या टॅगची तयारी आत्तापासून करा. तो चुकीच्या वेळी येईल, असं धरून चाला. गाडी गेटवर उभी असेल, टॅग लावणारा एखादा नवखा पोरगा असेल, आणि कदाचित मशीनला काही झालेलंही नसेल.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आयटीआय करून आलेला विशीतला ट्रेनी. त्यानं आवाज ऐकून प्रेस बंद केली. शॉपवर एकदम शांत झालं, आजूबाजूच्या मशीनवरच्या सगळ्यांच्या नजरा सुपरवायझरकडे लागल्या. सुपरवायझर वयानं मोठे, तोंडानं फटकळ. ते आले, प्रेसच्या अंगाला हात लावून उभे राहिले, मेंटेनन्सच्या माणसानं गार्ड काढून आत बघितलं. एक बोल्ट जरासा सैल होता, त्याचा खडखडाट. घातक काही नव्हतं. बावीस मिनिटं गेली होती. त्या पोराच्या ओठांवर घाम आला होता. सुपरवायझर त्याला म्हणाले, 'बरं केलंस. आता इकडं कान दे. सैल बोल्टचा आवाज असा येतो. बेअरिंगचा आला तर कसा येतो, ते तुला उद्या जुन्या प्रेसवर ऐकवतो.' आणि दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन गेले. त्या आठवड्यात त्याच लाइनवर आणखी तिघांनी काही ना काही दाखवून दिलं. तुमची परीक्षा त्या बावीस मिनिटांत आहे. आवाज चढला, कपाळाला आठी पडली, घड्याळाकडे बघितलं, तरी पुरे. सगळ्यांना उत्तर मिळेल.

हे सुरू झालं की तुमचे आकडे बिघडतील. डायरेक्टरांना ते आधीच सांगून ठेवा. आत्ता जे झाकलं जातंय ते वर यायला लागेल, खराब मालाची रेड बिन भरायला लागेल, मशीन बंद राहण्याचा वेळ वाढलेला दिसेल. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला. चांगल्या टीमकडून औषध देण्यात कमी चुका होत असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे निघाले, चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या. बाकीच्या वॉर्डांत चुका होत होत्या, फक्त कागदावर येत नव्हत्या. तुमच्याकडे आज रिजेक्शनचा रिपोर्ट स्वच्छ दिसत असेल तर त्याचा आनंद मानू नका. वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती तासांत येते, हे मोजा. बेअरिंगला चार दिवस लागले. ते चार तासांवर आलं की शॉपवर काहीतरी हललं असं म्हणता येईल.

पंखा या आठवड्यात लावा. तुमच्या हातातल्या खर्चात बसत नसेल तर तसं त्या ट्रेनीला आणि लाइनला स्पष्ट सांगा, कुणाकडे अडकलाय आणि कधी उत्तर येईल तेही सांगा. खिशात एक छोटी वही ठेवा. कुणी काही मागितलं की त्याच्यासमोर लिहा: काय, कुणी, कधीपर्यंत. हो म्हणालात तर ती तारीख पाळा. नाही म्हणायचं असेल तर तिथल्या तिथं नाही म्हणा. कामगार नकार पचवतात, लटकत ठेवलेलं पचवत नाहीत.

कंत्राटी माणसं सगळ्यात शेवटी बोलतील, ते धरून चला. त्यांना मेमोसुद्धा लागत नाही, उद्यापासून येऊ नको एवढं कंत्राटदाराच्या माणसानं फोनवर सांगितलं की संपलं. तुमच्या 70 मध्ये 42 जण असे किंवा ट्रेनी आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त डोळे आणि कान. त्यांच्यापैकी कुणी टॅग लावला आणि पुढच्या महिन्यात त्याला ब्रेक देऊन कामावरून थांबवलं गेलं, तर कारण काहीही असो, शॉप एकच अर्थ लावेल. म्हणून कंत्राटदाराला बोलावून स्पष्ट करा की टॅग लावणाऱ्या माणसाला तुम्हाला विचारल्याशिवाय हलवायचं नाही.

मामांबद्दल शेवटचं. हे सगळं करूनही ते पूर्वीसारखे होतील का? कदाचित नाही. कामापुरतं बोलतील, वेळेवर येतील, वेळेवर जातील आणि काही वर्षांनी रिटायर होतील. त्यांच्यावर ते सोडा. त्यांना उगाच कमिटीवर घेऊ नका, त्यांच्या नावाचा बक्षीस-समारंभ करू नका, तुमच्या सुधारणेचा पुरावा म्हणून त्यांना मिरवू नका. आदरानं वागा, आणि त्यांनी एखादी गोष्ट सांगितली तर त्याच दिवशी करा.

आणि हो, तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात ती डाय शेवटी ग्राइंडिंगला गेली की नाही, हे कुठंच आलेलं नाही. गेली नसेल, तर डायरेक्टरांच्या केबिनकडे जाण्याआधी तिच्यावर पहिला लाल टॅग लावा. सही तुमची.

सस्नेह,
तुमची ताई